बारा जानेवारीला फळा पुरत नाही

माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, एका बाजूला शाळा, पुढं चालत गेलं की कॉलेज, आणि दुकानाच्या दारात एक काळा फळा टांगलाय ज्यावर मी रोज सकाळी शटर उघडलं की दिनविशेष लिहितो. धंद्याशी तसा काही संबंध नाही. पण लोक थांबतात, वाचतात, थांबलेला माणूस एखादा पेन घेतो, नाहीच घेतला तर निदान वाद तरी घालतो. बाकी वर्षभर हा फळा मला मोठा पडतो, म्हणजे एखादी जयंती, एखादी पुण्यतिथी, खाली पंचांगातली तिथी, आणि तरी निम्मा फळा मोकळा राहतो म्हणून मग सुविचार टाकायचा. सुविचार मला मनापासून आवडत नाहीत, पण मोकळी जागा बघवत नाही.

बारा जानेवारीची गोष्ट वेगळी. त्या दिवशी फळा पुरतच नाही.

अकरा तारखेच्या संध्याकाळी दुकानात काय चालतं ते एकदा येऊन बघा. शाळेतनं शिपाईमामा येतो, मागं चार पोरं, आणि सगळ्यांना एकच पाहिजे, राजमाता जिजाऊंचा फोटो आणि स्वामी विवेकानंदांचा फोटो, कलर, ए फोर, लॅमिनेशन करून. एक मॅडम तर म्हणाल्या होत्या, "दोन्ही एकाच पानावर बसवा की ओ, एकाच हारात भागेल." बसवले. डावीकडं जिजाऊ, उजवीकडं फेटा बांधलेले विवेकानंद, मध्ये जरा जागा सोडली कापायची असली तर. मग भाषणं. "काका, जिजाऊचं द्या, पण लई मोठं नको, दोन मिनटाचं." भाषणांची फाईल माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असते, पोरगं बघून लहान-मोठं करून देतो. त्यामुळं एकाच शाळेत एकच भाषण चार वर्गात वाजतं हे मला माहितीये, आणि बहुतेक बाईंनाही माहितीये.

तर फळ्यावर पहिल्या दोन ओळी ठरलेल्या. जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाला, १२ जानेवारी १५९८. विवेकानंदांचा कोलकात्यात, १२ जानेवारी १८६३. विवेकानंदांची जयंती राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळायचं सरकारनं १९८४ ला जाहीर केलं आणि १९८५ पासून तो सुरू झाला. इथवर कुणाचं काही म्हणणं नसतं.

म्हणणं सुरू होतं ते मोबाईलवरनं आलेल्या दिवसांचं. अमेरिकेत १२ जानेवारी हा गरम चहाचा दिवस आहे. आता आमच्या सोलापुरात चहाला दिवस नेमायचा म्हणजे काय बोलायचं, उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत टपरीवर उभं राहून घाम पुसत पुसत कट मारणारी आपली माणसं, त्यांना जानेवारीत चहा प्या म्हणून कोण सांगणार. शिवाय तिकडं हाच दिवस करीड चिकनचा पण आहे, आणि मार्झिपॅनचा पण, म्हणजे बदाम वाटून साखरेत घोटून जो गोळा करतात त्याचा. सकाळी चहा, दुपारी चिकन, वरनं बदामाचं गोड. दिवस वाईट नाही. पण गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसात आमच्या गल्लीत निम्म्या घरी चिकनचं नाव काढता येत नाही, त्यामुळं हा दिवस मी फळ्यावर घेत नाही, उगाच सकाळी सकाळी कशाला.

सगळ्यात भारी तो लाल केसवाल्यांचा पापा घ्यायचा दिवस. हसू नका, खरंच आहे. तिकडं लाल केसांच्या पोरांना शाळेत चिडवायचं, एक दिवस ठरवून लाथा मारायच्या असला एक बावळट प्रकार निघाला होता, त्यावर उतारा म्हणून २००९ मध्ये एका कॉमेडियननं हा दिवस काढला, की लाथा कसल्या मारताय, त्यापेक्षा पापा घ्या. कल्पना चांगलीच आहे. पण हे मी फळ्यावर लिहिलं तर आमच्याकडं लाल केस म्हणजे मेंदी लावलेले काका, आणि ते दुपारी सगळे कट्ट्यावरच असतात.

आपण हसतो खरं, पण असले दिवस निघतात कसे ते बघितलं की नवल वाटत नाही. कुठली तरी संघटना असते, कुठला तरी माल विकायचा असतो, कुणाच्या तरी डोक्यातनं गंमत निघते, आणि एकदा का ते वेबसाईटवर चढलं की एकीवरनं दुसरी उचलते. चहाच्या दिवसामागं तिकडच्या चहाच्या व्यापाऱ्यांची संघटना आहे, जानेवारीच का तर थंडीत खप जास्त. धंदा म्हणून मला पटतं, मी पण जूनमध्ये वह्यांचा बोर्ड लावतोच की.

वाढदिवसांची यादी काढायला बसलं तर रात्र होते. ॲमेझॉनवाले जेफ बेझोस १९६४ चे. जॅक लंडन १८७६ चा. जपानचे हारुकी मुराकामी १९४९ चे, कॉलेजची पोरं त्यांचं नाव बघून फळ्याचा फोटो काढतात. सिंड्रेलाची गोष्ट ज्यानं कागदावर आणली तो फ्रेंच शार्ल पेरो १६२८ चा. प्रियांका गांधी १९७२ च्या, ते लिहिलं की दोन माणसं खूश, दोन नाराज, आणि चौघंही उभे राहून बोलतात, मागं झेरॉक्सवाली पोरगी ताटकळत. गेलेल्यांत अगाथा ख्रिस्ती १९७६ ला. अमरीश पुरी २००५ ला.

आणि कुमार गंधर्व. १२ जानेवारी १९९२, देवासला. हे मी दरवर्षी लिहितोच, जागा असो नसो, जिजाऊंच्या खाली बारीक अक्षरात का होईना. बेळगावकडचा कानडी मुलगा, टीबीनं फुप्फुस गेलं, डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलं, वर्षानुवर्षं अंथरुणात पडून माळव्यातल्या बायकांची गाणी कानानं टिपली आणि मग उठून असं गायला लागले की त्यांच्यानंतर निर्गुणी भजन म्हटलं की त्यांचाच आवाज आठवावा. दुकानात मी हळू आवाजात लावतो त्या दिवशी. एक आजोबा येतात, घरी कानडी, बाहेर मराठी, बाजारात तेलुगू, म्हणजे अगदी पक्के सोलापूरकर, ते काही विकत घेत नाहीत, फक्त एक भजन संपेस्तोवर काउंटरला टेकून उभे राहतात.

विचित्र म्हणाल तर जेम्स बेडफर्ड. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्राचे प्राध्यापक, किडनीच्या कॅन्सरनं १२ जानेवारी १९६७ ला गेले आणि त्याच दिवशी त्यांना गोठवलं, का तर पुढं कधी तरी औषध निघालं की जागं करता येईल. अशा आशेनं गोठवलेला जगातला हा पहिला माणूस. अजून ॲरिझोनात नायट्रोजनच्या टाकीत आहेत. हे लिहिलं त्या वर्षी एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "काका, लाईट गेली तर?" त्याला मी सांगितलं की तिथं लाईटवर नाही, द्रव नायट्रोजनवर काम चालतं, तो भरत राहायचा. पण प्रश्न अगदी आपल्याकडचा होता.

आता जरा खोलात जातो, कारण हे मला सगळ्यात जास्त आवडतं आणि ऐकून घेणारं कुणी मिळत नाही. आपण म्हणतो ना की जिजाऊ आणि विवेकानंद एकाच तारखेला जन्मले, तर ती तारीख एक आहे पण मोजपट्टी एक नाही. जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमेचा. शिवकाळातल्या इंग्रजी तारखा बहुतेक करून जुन्या ज्युलियन कॅलेंडरनं लिहिलेल्या असतात. पोपनं १५८२ मध्ये कॅलेंडर दुरुस्त करताना मधले दहा दिवस उडवले होते, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर, पण इंग्लंडनं ते १७५२ पर्यंत मानलंच नाही. १५९८ ची पौष पौर्णिमा ज्युलियननं १२ जानेवारीला येते आणि आज भिंतीवर जे कॅलेंडर लटकतं त्यानं २२ जानेवारीला. म्हणून तिथीनं करणारे पौष पौर्णिमेला करतात, तारखेनं करणारे बाराला. शिवजयंतीचं जे आहे तेच. मी कुठल्या बाजूनं नाही, मला दोन्ही वेळा फोटोची ऑर्डर येते.

विवेकानंदांची तारीख मात्र सरळ ग्रेगोरियन, १८६३ मध्ये इंग्रजांचं राज्य होतं आणि तोवर त्यांनी नवं कॅलेंडर घेतलेलं होतं. पण तिथं दुसरी गंमत आहे. रामकृष्ण मठात त्यांची जयंती पौष वद्य सप्तमीला करतात, आणि ज्या दिवशी ते जन्मले त्या दिवशी मकर संक्रांत होती. हो, १२ जानेवारीला संक्रांत! आपण लहानपणापासून १४ जानेवारी म्हणजे संक्रांत असं घोकलंय, आणि आता काही वर्षं १५ ला येते तेव्हा लोकांना वाटतं पंचांगवाल्यांनी घोळ केला. घोळ नाही. इंग्रजी वर्ष ऋतूंना धरून चालतं आणि आपली संक्रांत ताऱ्यांच्या राशीला धरून, दोन्ही वर्षांत साधारण २० मिनिटांचा फरक, तो साठत साठत बहात्तरेक वर्षांत एक दिवस होतो. दीडशे वर्षांत दोन दिवस. म्हणून विवेकानंदांच्या वेळची बारा आता चौदा-पंधरा झाली, आणि पुढं सोळा पण होणार, आपण नसू तेव्हा.

अल्जीरियात तर १२ जानेवारी हेच नवीन वर्ष. तिथल्या बर्बर लोकांचा येन्नायेर म्हणून सण आहे, जुन्या शेतीच्या ज्युलियन कॅलेंडरचा उरलेला धागा, २०१८ पासून तिथं सरकारी सुट्टी पण आहे. त्या दिवशी कोंबडी घालून कुसकुस करतात, म्हणजे अमेरिकेच्या चिकनच्या दिवसाला निदान एक जुना भाऊ निघाला.

पण सोलापुरात हा महिना ओळखला जातो तो गड्ड्यामुळं, आणि गड्डा चालतो संक्रांतीच्या मागनं. सिद्धरामेश्वरांची यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, गावभर पसरलेल्या अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम मैदानावर होम, मग शोभेचं दारूकाम. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरला आणि त्यांनी आपला योगदंड दिला त्याच्याशी लग्न लाव म्हणून, ते लग्न आपण अजून लावतोय. नंदीध्वज किती जड असतो ते बघून कळत नाही, तो पेलणारा माणूस पाय रोवून, कमरेला पट्टा, मान ताठ, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, पुढं-मागं दोर धरणारे, आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं की अख्खा रस्ता एका आवाजात बोलतो. लहान पोरांना यातलं काहीच नको असतं, त्यांना पाळणा आणि मौत का कुआं.

आता १९३१ ची संक्रांत घ्या. वरचं २० मिनिटांचं गणित लावलं की ती येते १४ जानेवारीला. म्हणजे १२ जानेवारी १९३१ हा दिवस गावात गड्ड्याचा. आणि त्याच दिवशी पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन.

नावं एकामागं एक वाचली तरी सोलापूर दिसतं, लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. कुर्बान हुसेन तर ऐन विशीतला, 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचा. आधीच्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, गाव पेटलं, गिरणीवाले रस्त्यावर आले, ८ मे ला पोलिसांनी गोळीबार केला, मग लोकांनी मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, त्यात दोन पोलीस मेले. त्यानंतर इंग्रजांनी काढता पाय घेतला आणि तीन-चार दिवस गावात इंग्रजांचं राज्यच नव्हतं, लोकच बंदोबस्त बघत होते. मग १२ मे ला मार्शल लॉ आला, पार ३० जूनपर्यंत. त्यात गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणं हा पण गुन्हा. आणि त्या दोन पोलिसांच्या खुनाचा खटला या चौघांवर.

बारा मे ला मार्शल लॉ, बारा जानेवारीला फाशी. बरोबर आठ महिने.

तीन वर्षांनी, १२ जानेवारी १९३४ ला चितगावच्या तुरुंगात सूर्य सेन यांना फाशी झाली. चितगावच्या शस्त्रागारावरचा त्यांचा हल्ला १८ एप्रिल १९३० चा, आपल्याकडचं मे १९३० चं. मधे तीन आठवडे सुद्धा नाहीत. एक गाव बंगालच्या पार टोकाला, एक इकडं गिरण्यांचं, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि फाशीची तारीख एकच. या दोन ओळी मी फळ्यावर एकाखाली एक लिहितो, मधे रेघ नाही. त्या दिवसाच्या सगळ्या योगायोगांत मला खरा लागतो तो हाच, कारण यात कुणाचं कॅलेंडर बदलावं लागत नाही, तिथी लावावी लागत नाही, दोन्हीकडं जेलच्या रजिस्टरला तीच तारीख.

फळ्याचा क्रम हा मोठा वादाचा विषय आहे. जिजाऊ वर, त्यावर कुणी बोलत नाही. विवेकानंद आणि चार हुतात्मे यात मात्र दरवर्षी कुणी ना कुणी थांबतं. गिरणीतनं रिटायर झालेले एक मामा आहेत, त्यांचं म्हणणं, "विवेकानंद सगळ्या देशाला आहेत की, ह्यांना आपल्याशिवाय कोण हाय बे?" आणि मी तसं हुतात्म्यांना वर घेतलं त्या वर्षी दुसरे एकजण नाराज होऊन गेले, तेही नेहमीचे गिऱ्हाईक. मामांचं म्हणणं मला पटतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला विचारा बारा जानेवारीला काय, जिजाऊ सांगेल, युवा दिन सांगेल, फार तर बेझोस. या चौघांचे चार पुतळे म्हणजे आमच्याकडं रिक्षावाल्याला सांगायची खूण, कुठं जायचं तर चार पुतळ्यापाशी सोडा. सकाळी तिथं हार पडतात, अधिकारी येतात, गड्ड्याच्या गर्दीनं रस्ता भरलेला असतो आणि त्या गर्दीतनं वाट काढत हार घेऊन जाणारी माणसं दिसतात. नाट्यगृहाला पण हुतात्म्यांचंच नाव, हुतात्मा स्मृती मंदिर, पण तिथं लोक नाटकाला जातात तेव्हा तिकिटावरचं ते नाव कोण वाचत बसतंय.

मागं एक सातवीतली मुलगी आली होती, अकरा तारखेलाच, गर्दीत. "काका, जिजाऊचं नको, विवेकानंदांचं पण नको, वर्गात सगळ्यांनी तेच घेतलंय. तिसरं कुणी हाय का बाराला?" मी म्हटलं चौघं आहेत. तयार भाषण नव्हतं, मग गिऱ्हाईक सांभाळत सांभाळत मीच टाइप करून दिलं, दोन पानं, सोप्या वाक्यांत. ती तिथंच उभं राहून वाचत होती आणि मधेच थांबून विचारायची, मार्शल लॉ म्हणजे काय, टोपीला काय शिक्षा, गझनफर म्हणजे पेपर का मासिक. पैसे दिले, गेली. तिनं बोललं म्हणे चांगलं, सगळा वर्ग गप्प होता. पण नंबर नाही आला, स्पर्धेच्या कागदावर विषय दोनच छापलेले होते आणि तिचं भाषण विषयाला धरून नव्हतं.

तिच्या आईनं नंतर वह्या घ्यायला आल्यावर मला सांगितलं, रागानं नाही, सहजच. मी म्हटलं पुढच्या वर्षी गोळीबारापासनं मार्शल लॉपर्यंतचं घ्या, आठ ते बारा मे, ती गोष्ट अजून भारी आहे, पोरगी छान बोलेल. त्या हसल्या. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते ओ, त्या म्हणाल्या, तेव्हा भाषण कुणासमोर करायचं.